आधी मोजे, मग लेन्स

कॅमेरा कुठला घेतलास ते मला सांगू नकोस. तुझ्या आईनं फोनवर किंमत ऐकवली, त्यावरूनच कळलं. आता तो घेऊन भर पावसाळ्यात धबधब्यांचे फोटो काढायला जायचं म्हणतेस, तर बस जरा आणि ऐक. यातलं निम्मं तुला कुठल्या व्हिडिओत सापडायचं नाही, कारण व्हिडिओ करणाऱ्यांना छान दिसायचं असतं. या कामात माणूस छान दिसत नाही. नाक वाहतं, केस चपटे होतात आणि ढोपराला चिखल लागलेला असतो.

‘मावशी, तुझ्याएवढा धीर मला नाही’ असं मागं म्हणाली होतीस. अगं, मला तरी कुठं आहे? आजीला विचार, भाताची शिट्टी होईपर्यंत मी कधी थांबले नाही. ठोसेघर धबधब्यासमोरच्या गॅलरीत मी तासन्‌तास उभी राहते ती पाय कोरडे असतात, पोट भरलेलं असतं आणि परतीची एसटी गाठायची नसते म्हणून. यातलं एक बिघडलं की धीर सुटतो. मग माणूस ‘आला तेवढा फोटो बास’ म्हणत बॅग आवरतो, आणि दहा पावलं गेला की मागं धुकं उठतं. म्हणून आधी मोज्यांबद्दल बोलते. शटरचं नंतर.

मोज्यांचे तीन जोड घे. एक पायात, एक बॅगेत, एक परतीच्या प्रवासासाठी. बॅगेतला जोड एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, गाठ मारून. सुती मोजा नको, तो भिजला की दिवसभर भिजलेलाच राहतो आणि टाच सोलवटून काढतो. लोकरीचा किंवा ॲक्रिलिकचा ओला झाला तरी ऊब देतो. बुटांच्या दुकानात तुला वॉटरप्रूफ बूट दाखवतील आणि तू भुलशील. ओढ्यात घोट्याच्या वर पाणी लागलं की ते वरून आत शिरतं आणि बाहेर पडायला त्याला वाटच नसते. त्यापेक्षा जाळीचा, पाणी निथळून जाणारा बूट बरा. तळ मात्र हाताने दाबून, वाकवून बघ. रबर मऊ हवं आणि नक्षी खोल हवी. कडक प्लास्टिकचे पावसाळी बूट बाजारात जायला ठीक आहेत, कातळावर नाहीत.

आपल्या सह्याद्रीचा बहुतेक कातळ बेसॉल्टचा. काळा, घट्ट, कोरडा असताना पाय छान धरून ठेवतो. पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की त्याच्यावर शेवाळ चढतं आणि तोच दगड घात करतो. हिरवंगार शेवाळ डोळ्यांना दिसतं, ते टाळता येतं. फसवतो तो काळपट, चकचकीत थर. ओला काळा दगड आणि शेवाळलेला काळा दगड लांबून एकसारखेच दिसतात. पाय टाकण्याआधी ट्रायपॉडच्या पायाने खरवडून बघ. खरबरीत, पांढरे ठिपके असलेला दगड त्यातल्या त्यात भरवशाचा. चालताना कॅमेरा गळ्यात लटकवायचा नाही, बॅगेत ठेवायचा. दोन्ही हात मोकळे पाहिजेत. घसरताना माणूस आधी कॅमेरा सांभाळतो आणि मग मनगट मोडून घेतो.

जीन्स घालशील तर तुझी तू. भिजली की मणाची होते आणि मांड्या घासतात. लवकर वाळणारी साधी ट्रॅकपँट घाल. रेनकोटात आतून घाम साचतो, म्हणजे चढ चढून वर पोचेपर्यंत तू पावसाशिवायच भिजलेली असतेस. मग एका जागी उभी राहिलीस की वारा लागतो आणि पंधरा मिनिटांत दात वाजायला लागतात. यावर उपाय एकच, पोचल्याबरोबर आडोशाला जाऊन आतला टी-शर्ट बदलायचा. आळस करू नकोस. कोरडं कापड अंगाला लागलं की आणखी तासभर थांबायची ताकद येते, हे मी पैजेवर सांगते.

बसायला काहीतरी पाहिजेच. बाजारातल्या योगा मॅटचा हातभर तुकडा कापून घे, वजन काहीच नाही. माझ्याकडं घोंगडीचा तुकडा असतो. लोकर ओली झाली तरी गार लागत नाही, आणि पाऊस जोराचा आला तर डोक्यावर घेता येते. गुरं राखणारी माणसं घोंगडीची खोळ उगीच करत नाहीत.

खाण्याचं म्हणशील, तर बिस्किटांचा लगदा होतो आणि वेफर्सच्या आवाजाला माकडं येतात. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून ने, गूळ-शेंगदाणे खिशात ठेव, थर्मासमध्ये चहा ने. माकडांना काही देऊ नकोस. घाटातल्या माकडांना पर्यटकांनीच बिघडवलंय आणि आता ती बॅगेची चेनसुद्धा उघडतात.

आता तुझ्या बापासमोर बोलायचं नाही असं थोडं. पुष्कळ मुली ‘तिकडं सोय नाही’ म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. असं करू नकोस. गारव्यात तहान कळत नाही, पण चढताना घाम गेलेला असतो. दुपारी डोकं धरतं, पोटरीत गोळा येतो, आणि त्या पायांनी तुला निसरडा उतार उतरायचा असतो. गावात शिरल्यावर पहिल्या चहाच्या टपरीवर थांब, चहा घे, आणि तिथल्या वहिनींना सरळ विचार. नाही म्हणणारी बाई मला अजून भेटलेली नाही. परत येताना तिच्याकडंच जेव, भजी घे, पैसे दे. कपडे बदलायला बॅगेत एक जुना घेरदार गाऊन ठेव. तो वरून घातला की आतल्या आत सगळं बदलता येतं, आडोसा शोधत हिंडावं लागत नाही. पाळीचे दिवस असतील तर सामान वेगळ्या पिशवीत ठेव आणि वापरलेलं परत घेऊन ये. ओढ्यात काही टाकायचं नाही, खाली गाव ते पाणी पितं.

जळवांना घाबरतेस हे मला ठाऊक आहे. आंबोली, राधानगरी, कोयनेच्या जंगलात त्या लागणारच. लागली की ओढून काढू नकोस, काडी पेटवून चटका तर मुळीच देऊ नकोस. नखाची कड तिच्या बारीक टोकाखाली सरकव, ती सुटते. मग दुसरं टोक सोडव आणि टिचकी मार. मीठ टाकलं तरी ती पडते, पण पडताना पोटातलं जखमेत ओकू शकते, म्हणून मी नखच वापरते. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही. बराच वेळ पाय लाल दिसेल, त्यानं हबकून जाऊ नकोस. फडकं दाबून धर. गावची माणसं पायाला तंबाखूचं पाणी लावतात, त्याचा उपयोग होतो, पण एकदा ओढा ओलांडला की ते धुऊन जातं. विजार मोज्यात खोचणं जास्त कामाचं. जळू त्रासाची आहे, धोक्याची नाही. धोक्याचा आहे तो चापडा साप. ओढ्याकाठच्या झुडपावर किंवा दगडावर तो तासन्‌तास हालचाल न करता बसतो, आणि रंग असा की पान समजून हात टाकशील. आधाराला फांदी धरायच्या आधी ती डोळे भरून बघायची.

आणि आंबोलीच्या कातळावर उथळ पाणी साचलेलं दिसेल, त्यात ट्रायपॉड रोवू नकोस. तिथला एक छोटा भेक त्याच परिसरातला म्हणून ओळखला जातो, आणि तो अंडी अशाच साचलेल्या पाण्यात घालतो. तुला डबकं दिसतं, त्याचं बाळंतघर असतं.

केव्हा जायचं? पेपरात ‘धबधबे प्रवाहित’ अशी बातमी आली की सगळा महाराष्ट्र घाटात लोटतो. तेव्हा तू घरी बस. मृगात आणि आर्द्रात पहिलं पाणी येतं ते माती घेऊन येतं, त्याचा रंग चहाचा असतो. पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस आणि पुष्य म्हणजे म्हातारा, साधारण ५ जुलैपासून महिनाभराचा हा काळ. तेव्हा पाणी अफाट असतं, पण ठोसेघर, वजराईला गेलीस तर बहुतेक वेळा तुझ्यापुढं पांढरी भिंत. धबधबा ऐकू येतो, दिसत नाही. माझं मन मघा आणि पूर्वा नक्षत्रांवर, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. माती धुऊन गेलेली असते, पाणी स्वच्छ, धारा सुट्या सुट्या दिसतात, ऊन-पावसाचा खेळ चालतो आणि गर्दीचं लक्ष गणपतीकडं असतं. हस्त संपेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, बऱ्याच ठिकाणी फोटोपुरतं पाणी मिळतं. वैभववाडीजवळचा नापण्याचा धबधबा तर उन्हाळ्यातही वाहतो. शिकायला तो उत्तम आहे, तिकडं कुणी धक्का मारत नाही.

दिवस मंगळवार किंवा बुधवार. रविवारी आंबोलीच्या मुख्य धबधब्यावर ट्रायपॉडचे तीन पाय टेकवायला जागा मिळाली तर मला कळव. आणि पहाटे पोच. घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या धबधब्यांचं तोंड बहुधा पश्चिमेला असतं, त्यामुळं सकाळी सूर्य डोंगरामागं राहतो आणि धबधबा सावलीत. ही सावली आपल्याला हवी असते. कडक उन्हात पांढरं पाणी जळून जातं, काळा दगड आणखी काळा होतो आणि दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. लोक ढगाळ हवेला नावं ठेवतात. धबधब्याला ढगाळच पाहिजे. फक्त आभाळ फोटोत घेऊ नकोस, पांढऱ्या पाण्यावर पांढरं आभाळ आलं की धबधब्याचं टोक हरवतं.

इंद्रधनुष्य हवं असेल तर मात्र हाच हिशेब उलटा. दुपार कलल्यावर जा, ऊन पाठीवर घे आणि तुझ्या डोक्याची सावली कुठं पडते ते बघ. त्या सावलीपासून चहूकडं साधारण ४२ अंशांवर धनुष्य असतं. हात ताठ करून बोटं ताणलीस तर एक वीत सुमारे २० अंशांची होते, म्हणजे सावलीपासून दोन विती मोजायच्या. तिथं तुषार असतील तर रंग दिसतील. तुषार बाजूला असतील तर तू सरक. धनुष्य तुझ्याबरोबर सरकतं.

आता वाट बघण्याचं. धुक्यात थांबलीस तर घड्याळाकडं बघू नकोस, वाऱ्याकडं बघ. दरीतून ढग वर येतात ते सलग नसतात, मध्ये फटी असतात. एक-दोन ढग जाताना नुसती बघत राहा. किती वेळ झाकलं, किती वेळ उघडलं, याचा अंदाज येतो. उघडीप कधी कधी अर्ध्या मिनिटाची असते आणि तेवढ्यात फोकस शोधायला वेळ नसतो. म्हणून पहिल्याच उघडिपीत फोकस करून तो मॅन्युअलवर टाकून ठेवायचा, चौकट ठरवून ट्रायपॉड घट्ट करायचा, लेन्सवर कापड टाकायचं, आणि मग चहा प्यायचा. उघडलं की कापड काढलं, बटण दाबलं. इतकंच. थांबण्याच्या वेळात हे सगळं आधीच करून ठेवलेलं असतं म्हणून ती उघडीप उपयोगी पडते. नुसतंच बसून राहिलेल्या माणसालाही ती दिसते, पण त्याला फोटो मिळत नाही.

वाऱ्याची झुळूक यायच्या आधी तुझ्या वाऱ्याकडच्या बाजूचं गवत वाकतं. ते वाकलं की थांब. झुळूक गेली की पानं स्थिर होतात, तेव्हा दाब. लांब शटरला पाणी रेशमी होतं तसं झुडूपही हिरवा फराटा होऊन जातं, आणि तो काही बघवत नाही.

शटर किती ठेवायचा हे सगळ्यांना आकड्यात हवं असतं. आकडा पाण्यावर ठरतो. भरगच्च कोसळणाऱ्या धबधब्याला एक सेकंद दिलास तर पांढरी चादर वाळत घातल्यासारखं दिसतं, त्यात धारही नाही आणि जोरही नाही. तिथं १/१५ ते १/८ सेकंद पुरे. बारीक झिरप असेल, दगडावरून ओघळणारी, तर अर्धा ते दोन सेकंद. जवळचं पाणी चौकटीतून भर्रकन जातं, म्हणून त्याला कमी वेळ पुरतो. लांबच्या धबधब्याला जास्त लागतो. आयएसओ १००, छिद्र एफ ८ किंवा एफ ११. एफ २२ वर नेऊन वेळ वाढवायचा मोह होईल, पण त्यात सगळंच मऊ पडतं, शिवाय लेन्सवरचे थेंब ठसठशीत उमटतात. त्यापेक्षा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लाव. पावसाळी उजेडात तीन स्टॉपचा बहुतेकदा पुरतो, सहा स्टॉपचा भर दुपारी. दहा स्टॉपचा घेऊ नकोस, निदान या वर्षी.

फिल्टर एकच परवडत असेल तर पोलरायझर घे. ओल्या दगडावर, ओल्या पानांवर आभाळाची पांढरी चमक बसलेली असते. रिंग फिरवलीस की ती उतरते आणि खालचा हिरवा, तपकिरी, काळा रंग वर येतो. घरी संगणकावर असं काही करता येत नाही, कारण त्या चमकेखालचं फोटोत आलेलंच नसतं. तो एक-दीड स्टॉप उजेडही खातो, त्यामुळं सावलीत वेगळा एनडी लागतच नाही. इंद्रधनुष्याच्या वेळी मात्र जपून, रिंग चुकीच्या जागी गेली की धनुष्यच पुसलं जातं.

काळा ओला कातळ चौकटीत जास्त असला की कॅमेरा फसतो. त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवून पाणी जाळून टाकतो. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली आण आणि हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटत नाही ना, ते बघ. रॉ फाइलमध्ये काढ. काळोखातलं थोडंफार परत मिळतं, जळालेलं पांढरं मिळत नाही.

ट्रायपॉड वाहत्या पाण्यात ठेवावा लागला तर पाय खाली दाबून दगडात अडकव, मधला दांडा वर काढू नकोस, आणि कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळून बांध, नाहीतर वाऱ्यात तो फडफडतो आणि फोटो हलतो. बॅग हुकाला टांग असं पुस्तकात लिहितात. वारा असेल तेव्हा टांगलेली बॅग झोके घेते, म्हणून ती जमिनीला टेकेल एवढीच टांग. ट्रायपॉडवर लावल्यावर स्टॅबिलायझर बंद कर आणि दोन सेकंदांचा टायमर लाव, बोटाचा धक्का नको.

खरी लढाई लेन्सच्या काचेवर असते. तुषार तुझ्या तोंडावर येतच राहणार. छत्री डोक्यावर धरायची नसते, कॅमेऱ्याच्या पुढं, वाऱ्याच्या अंगाला धरायची. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या मलमलचे पाच-सहा तुकडे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेव. एक ओला झाला की तो नुसतं पाणी पसरवतो, मग दुसरा काढ. लॉजमध्ये मिळणारी आंघोळीची प्लास्टिकची टोपी कॅमेऱ्यावर छान बसते, ती टाकून देऊ नकोस. आणि काच आतून धुरकटली तर पुसून उपयोग नाही. एसी गाडीतून एकदम दमट हवेत कॅमेरा काढला की असं होतं. पोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून खिडकी उघड, किंवा सरळ लाल एसटीनं जा. तिच्या खिडक्या लागतच नाहीत.

फोननं काढणाऱ्या मैत्रिणीला हसू नकोस. फोनमध्येही लांब शटर असतो आणि छोटा ट्रायपॉड लावला तर फोटो बरा येतो. तिला एवढंच सांग, ओल्या बोटांना पडदा जुमानत नाही, आवाजाच्या बटणानं क्लिक कर.

नाणेघाटाला जाणार असशील तर वरचं बरंचसं विसर. तिथं वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि पडणारं पाणी उलटं अंगावर घेऊन येतो. रेशीम वगैरे काही नाही, १/५०० च्या पुढं जा आणि उडणारे थेंब पकड. दोन मिनिटांत नखशिखांत भिजशील. कॅमेऱ्याला वाचवायचं आणि स्वतःला सोडून द्यायचं. कड्यापासून मात्र लांब, तो वारा ढकलतोही आणि मध्येच थांबतोही.

पाण्याबद्दल आता जे सांगते त्यात मी चेष्टा करत नाही. धबधब्याचं पाणी वरच्या पठारावरून, सड्यावरून गोळा होऊन येतं. तू उभी आहेस तिथं ऊन असेल आणि दोन कोस मागं मुसळधार चालू असेल. पोचल्याबरोबर काठाचा एक अर्धा बुडालेला दगड हेरून ठेव आणि दर फोटोनंतर त्याच्याकडं बघ. दगड लहान दिसायला लागला, स्वच्छ पाणी गढुळलं, पाचोळा-काटक्या वाहत आल्या, आवाज जड झाला, यातलं एकही झालं की निघायचं. ‘एवढा एक’ म्हणायचं नाही. ट्रायपॉड पाण्यात राहिला तर राहू दे. २०२४ च्या जूनअखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच घरातली माणसं वाहून गेली, तो व्हिडिओ तू बघितलायस. मध्यावर एकमेकांना धरून उभी होती. गुडघाभर पाणीसुद्धा वेगात असलं की मोठ्या माणसाचे पाय उचलतं. ओढ्याच्या पलीकडं जाऊन फोटो चांगला येतो असं वाटलं, तर परत यायची वाट पाण्याच्या मर्जीवर राहते, हे आधी मोज. धबधब्याच्या माथ्यावर, जिथून पाणी खाली पडतं तिथं, कधीही जायचं नाही. तिथून फोटोही चांगला येत नाही.

भंडारदऱ्याला विल्सन धरणाच्या पायथ्याचा छत्री धबधबा धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो. अशा ठिकाणी आधी गावात विचारायचं, आज पाणी सोडणार आहेत का, किती वाजता. पावसाळ्यात काही धबधब्यांवर जिल्हाधिकारी बंदी घालतात. पूर्वी १४४ कलम म्हणायचे, आता १६३ झालंय. निघायच्या आदल्या दिवशी खात्री कर, आणि बंदी असेल तर पोलिसाशी हुज्जत घालू नकोस. दूधसागरचा तो प्रसिद्ध फोटो, पुलावर गाडी आणि मागं मांडवीचं पाणी, तो काढायला पोरं रुळांवरून चालत जातात. रेल्वे कायद्यात तो गुन्हा आहे, आणि पावसात, धुक्यात मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. धबधब्याच्या आवाजात तर नाहीच. गाडीच्या खिडकीतून काढ. हलला तर हलला.

आणि एक मनातलं सांगू का? या नावाजलेल्या धबधब्यांवर फार वेळ घालवू नकोस. ठोसेघरचा फोटो ठोसेघरसारखाच येणार, गॅलरी एकच आहे आणि तिथून सगळ्यांनी तोच काढलाय. घरापासून तासाभराच्या अंतरावर एखादा बिननावाचा ओढा शोध. रस्त्याच्या मोरीखालून जाणारा, दोन पुरुष उंचीवरून पडणारा. तिथं पुन्हा पुन्हा जा. पाणी जास्त असताना कुठला दगड झाकतो, ऊन कुठल्या महिन्यात कुठून आत येतं, वरचा शेतकरी बांध कधी फोडतो, हे कळायला लागलं की तुझे फोटो बदलतील. शिवाय तिथं थांबणं सोपं असतं. आज नाही मिळालं तर पुढच्या बुधवारी यायचंय, त्यामुळं हट्टानं भिजत बसावं लागत नाही.

निघताना घरी सांगून जा, कुठला धबधबा आणि किती वाजता परत. घाटात रेंज नसते, त्यामुळं ‘पोचले की फोन करते’ याला अर्थ नाही. ठरल्या वेळेनंतर दोन तासांनी कुणाला फोन लावायचा ते आईला लिहून दे. टपरीवाल्या वहिनींचा नंबर घेतलास तर आणखी चांगलं.

घरी आल्यावर अंघोळ नंतर, आधी कॅमेरा. बॅटरी काढ, लेन्स पुसून पंख्याखाली ठेव. हेअर ड्रायर नको, तांदळाच्या डब्यातही नको, पीठ शिरतं. ट्रायपॉडचे सगळे पाय लांब करून उलटा टेकवून ठेव, आतलं पाणी निथळू दे. पावसाळाभर लेन्स कपाटात ठेवायची नाही, बुरशी धरते, आणि काचेच्या आतली बुरशी काढणं खर्चाचं आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेव. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत निळे करता येतात, पण त्यासाठी वेगळं भांडं ठेव, स्वयंपाकाची कढई नको. पिशवीत ओली कापडं विसरू नकोस, चौथ्या दिवशी वासानं आठवतात.

फोटो मात्र त्याच रात्री निवडू नकोस. अंग दुखत असतं, जळूचे डाग खाजत असतात, आणि जो काढायला जास्त हाल झाले तोच फोटो सगळ्यांत भारी वाटतो. बघणाऱ्याला तुझे हाल दिसत नाहीत. आठ-दहा दिवस जाऊ दे, मोजे वाळून घडी होऊन कपाटात जाऊ देत, मग बस. निवडलेले तीनच मला पाठव. व्हॉट्सॲपवर नको, त्यात पाण्याच्या धारा एकमेकींना चिकटून जातात. मेल कर.